दारावरचा शंख

समुद्रकाठच्या एका राज्यात गोमाजी नावाचा चितारी राहत असे. त्याने काढलेलं मांजर बघून कुत्री भुंकायची, असा त्याचा हात.

तिथल्या राजाने एक संग्रहालय बांधलं. हाडं, पिसं, दगड, शंख, सृष्टीत जे जे सापडतं ते ते आत मांडलं. मग गोमाजीला बोलावून म्हणाला, "या घराला शोभेल अशी खूण काढ. जमली तर राजचितारी करीन. चुकलास तर याद राख!" राजा नुसता बोलणारा नव्हता. हरणाच्या सांगाड्याला बकऱ्याची शिंगं बसवणाऱ्याला त्याने राज्याबाहेर हाकललं होतं.

गोमाजीने शंख निवडला. लाकडी ठसा कोरला, त्या ठशाने निशाणं छापली आणि छाप बघून दारावर भला मोठा शंख रंगवला. राजा खूश, लोक खूश.

उद्घाटनाच्या सकाळी गोमाजी सहज आत गेला. मांडलेला एक शंख उचलून टोक वर धरलं आणि तसाच दाराशी नेऊन ताडून पाहिला. खऱ्या शंखाचं तोंड उजवीकडे, दारावरच्याचं डावीकडे! अरे देवा! ठसा उलटा कोरावा तेव्हा छाप सुलटा उठतो, आणि हा पठ्ठ्या घाईत तेच विसरला होता.

त्याने धावत जाऊन प्रधानाला सांगितलं. प्रधान कुजबुजला, "ओरडू नकोस. आतले शंख माळ्यावर टाकू. मग ताडून बघणार कोण?"

बाहेर नगारे वाजू लागले. गप्प बसलं तर मानपान, बोललं तर बायकापोरांसह देशोधडी. प्रधानाने भराभर शंख टोपलीत भरले. ते मात्र गोमाजीला बघवेना. त्याने टोपली हिसकावली, रंगकामातून उरलेली चुन्याची बादली उचलली आणि सगळ्यांदेखत शिडीवर चढून आपलं चित्र पुसून टाकलं.

"हे काय मांडलंयस?" पालखीतून उतरता उतरता राजा गरजला.

"महाराज, माझा शंख चुकलाय. तो खरा ठरावा म्हणून हे खरे शंख लपवले जात होते." गोमाजीने टोपली पुढे केली. "मला हाकला, पण यांना आत राहू द्या."

राजाने एक शंख उचलला, निशाणावरच्या शंखाशी ताडून पाहिला. मग प्रधानाकडे पाहिलं. प्रधानाने मान खाली घातली.

"राजचितारी तू होणार नाहीस. घाईचा हात मला नको," राजा म्हणाला. "पण या घराची राखण आजपासून तुझ्याकडे. निशाणं उतरवा. दार असंच राहू दे."

दारावरचा तो चुन्याचा पांढरा पट्टा पुढे कोणी रंगवला नाही. लोक त्यालाच त्या घराची खूण म्हणू लागले.

तात्पर्य: आपली चूक झाकण्यासाठी खऱ्याला लपवू नये, चूकच आपल्या हाताने पुसावी.