अमृतरावांचा पासवर्ड

"मी महिनाभर लेकीकडे परदेशात चाललोय. संघाचा सर्व्हर चालू राहिला पाहिजे. आणि पासवर्ड मी कुणालाही सांगणार नाही!"

दूध संघाचे अध्यक्ष अमृतराव सरनोबत यांनी फर्मान सोडलं आणि अधिकाऱ्यांचे चेहरेच पडले. सर्व्हर बसला की संकलन केंद्रांवरचे दूध मोजायचे काटे बंद, आणि काटे बंद की गावोगाव दूध नासणार! तो पुन्हा सुरू करायला तर पासवर्डच हवा.

"साहेब, फोनवर विचारलं तर..."

"विचारणाऱ्याची नोकरी गेली!"

नुकतीच लागलेली ऑपरेटर सुगंधा वाघमोडे मात्र गालात हसत होती. "मला पासवर्ड नकोच, साहेब. मला फक्त सर्व्हर उघडायचाय."

"कुलूप उघडायचंय अन् किल्ली नको? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"किल्ली तुम्हीच लावा की! एकदाच." तिनं सर्व्हर सांभाळायचं सॉफ्टवेअर उघडलं. "इथं तुमच्या हातानं टाइप करा. हे सॉफ्टवेअर पासवर्ड जपून ठेवेल. मी नुसतं तुमचं नाव निवडायचं, पासवर्ड ते आपलं आपण लावेल. दिसणार कुणालाच नाही."

अमृतरावांनी सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, चहा घेऊन आलेल्या शिपायालासुद्धा! कीबोर्डवर टॉवेल पांघरून एका बोटानं बराच वेळ टकटक केली. पडद्यावर उमटले नुसते ठिपके.

महिन्यात सर्व्हर एकदा बसलाच. सुगंधानं नाव निवडलं, बटण दाबलं, काटे सुरू! दुधाचा थेंब वाया गेला नाही.

अमृतराव परतले, त्यांनी हे ऐकलं आणि तडक सर्व्हरच्या खोलीत शिरले.

"म्हणजे कळलाच तुला पासवर्ड! उचल पिशवी!"

"नाही हो कळला, साहेब!"

"खोटं! बदललासुद्धा असशील. थांब, बघतोच!" त्यांनी टाइप केलं. चुकीचा पासवर्ड! पुन्हा केलं. चुकीचाच! "बघ, बदललास! बोल, काय ठेवलायस?"

सुगंधा मनात म्हणाली, नोकरी गेलीच म्हणायची! तेवढ्यात तिला दिसलं, साहेबांचं बोट कीबोर्डवर अधांतरी भिरभिरतंय. तिला सगळं उमगलं.

"जरा सरकता, साहेब?" तिनं त्यांचं नाव निवडून बटण दाबलं. सर्व्हर उघडला! "तुम्ही त्या दिवशी टाइप केलेल्याच पासवर्डनं उघडला हा. बदलला असता तर उघडला असता का? मला तो ठाऊक नाही, तरी मी आत. आणि ज्यांचा पासवर्ड, ते साहेब दाराबाहेर!"

अमृतराव पडद्याकडे वाकले. मग असे खो खो हसले की चष्मा खाली पडला.

"आजपासून ही खोली तुझ्या ताब्यात! पण पोरी, मी विसरलो हे विसरून जा हं."

"जाते की, साहेब! पण एवढं विसरायचं म्हणजे आठवडाभर भरपगारी रजा लागेल!"

"दिली!"