बेवारस जागा

"सर, एवढी जागा खाऊन बसलंय तरी कोण?"

सुमेधने पडद्यावर बोट टेकवलं. काझीसर चष्मा पुसत होते.

अंबाजोगाईच्या त्या संस्थेतलं मोठं मशीन काझीसरांनीच उभं केलेलं. ग्रंथालय, परीक्षा, पगार, सगळं त्याच्याच जिवावर चाले. कपाटाएवढं धूड, दिवसरात्र घुमणारं. सगळे त्याला हत्ती म्हणत. सर आता निवृत्तीला आले होते. म्हणून आज पहिल्यांदाच त्यांनी हत्तीचा सगळा कारभार हाताखालच्या सुमेधकडे दिला होता. साफसफाई कर म्हणाले होते.

हत्तीच्याच पोटात, एका खणात, सुमेधचा सर्व्हर होता. वहीएवढा जेमतेम. पण सुमेधला त्याचा कोण तोरा! मोटेवरची गाणी होती त्यात. मोटा गेल्या, नाडे गेले. गाणारे म्हातारे तेवढे उरले होते, तेही एकेक करून चालले होते. सुमेधने बांधाबांधावर बसून त्यांचे आवाज गोळा केले होते.

"माझा सर्व्हर हत्तीच्या घरात राहतो, एवढंच," तो येईल त्याला सांगे. "त्याचा मेंदू वेगळा, आठवण वेगळी, डिस्क वेगळी. हत्तीशी देणं ना घेणं."

सर ऐकत. हसत नसत, रागावतही नसत.

"नाव काय त्या जागेचं?" सरांनी आता विचारलं.

"नाव कसलं! नुसतं 'सात'. आत काय आहे तेही दिसत नाही. निम्मा हत्ती यानंच भरलाय."

"ज्याचं असेल त्याला विचार."

"विचारलं ना. ग्रंथालयाला, परीक्षेवाल्यांना, पगारवाल्यांना. कुणीच आपलं म्हणत नाही."

"सगळ्यांना विचारलंस?"

"सगळ्यांना."

"नीट आठव, बेटा."

सुमेधच्या कपाळावर आठी पडली. "सर, जुन्या माणसांना अडगळ टाकवत नाही, दुसरं काही नाही."

सरांनी चष्मा चढवला आणि ते हात मांडीवर ठेवून बसले.

साफसफाईआधी आपला सर्व्हर बंद करायचा आणि हत्तीशी असलेले त्याचे सगळे जोड सोडवायचे, असा नियम होता. सुमेधने एका आज्ञेत ते उरकलं. मग 'सात'वर आला.

कायमचं काढून टाकायचं का, मशीनने विचारलं.

त्याने हो म्हटलं.

निम्मा हत्ती मोकळा झाला. "बघा!" सुमेध खुशीत म्हणाला.

"बघतोय," सर म्हणाले.

त्याने आपला सर्व्हर चालू केला. पडदा काळाच राहिला. मग एक ओळ उमटली. डिस्क सापडत नाही.

पुन्हा बंद. पुन्हा चालू. तीच ओळ.

सुमेधने कपाट उघडलं, खणातून सर्व्हर ओढून बाहेर काढला. मेंदू जागेवर होता. आठवण जागेवर होती. त्याने तो उलटा केला, सुलटा केला... डिस्क बसवायला त्यात जागाच नव्हती.

"सर... याची डिस्क?"

सरांनी हत्तीच्या पत्र्यावर तळहात टेकवला.

"ती याच्याच जागेतून कापून दिलेली. आतून तुला ती डिस्क दिसायची. बाहेरून तिचं नाव सात."

सुमेध फरशीवर बसला. धारूरकडचे गेनबा आठवले. गेल्या पाडव्याला वारलेले. त्यांची चाल आठवायला गेला, तर ओठांवर येईना.

"माझ्या हातानं..." एवढंच तो म्हणाला.

मग एकदम उसळला. "तुम्हाला माहीत होतं! माहीत असून बघत बसलात? ती माणसं मेलीत, सर! आता कुठून गाणार ती?"

सरांनी टेबलाचा खण उघडला. एक टेप काढून त्याच्यापुढे धरली.

"सकाळी घेतलीय. अख्ख्या हत्तीची नक्कल आहे. लाव."

सुमेधने टेपची डबी उघडली. मग तो हातातल्या सर्व्हरकडे बघत राहिला. टेप घालायला त्यात फटही नव्हती. आजवर टेप लावायची सोयही तो हत्तीचीच वापरत आला होता...

त्याने सर्व्हर खणात परत सरकवला. टेप हत्तीच्या तोंडात दिली.

सावकाश, तुकड्यातुकड्यानं, 'सात' भरत गेला. सुमेध जेवायला उठला नाही. सरही उठले नाहीत.

ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा काम संपलं. त्याने जोड जुळवले, श्वास रोखून सर्व्हर चालू केला, पहिला हाती लागला तो आवाज लावला.

कुणीतरी खाकरलं. मागे पाणी कोसळल्याचा आवाज. मग गेनबा.

*हळू ये रं सर्ज्या, भरली मोट हिंदकळंल...*

सुमेधच्या डोळ्यांना धार लागली. ती त्याने पुसलीही नाही. गाणं संपेपर्यंत दोघं बसून राहिले.

"सर," तो म्हणाला, "परत आला माझा सर्व्हर."

"कुठं गेला होता?" काझीसरांनी विचारलं.