दारावरचा लाल दिवा

"मग अण्णा, चूक कोणाची?"

इंद्रजितने पुन्हा विचारलं. अण्णा तगारे रिकाम्या नाट्यगृहात मधल्या रांगेत बसून डब्यातले शेंगदाणे खात होते. नाचाच्या कार्यक्रमांना प्रकाश देण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि घाईने उत्तर देणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

"कसली चूक?"

"मी सगळ्यांना स्पष्ट सांगतो. एकदा नाही, दहादा सांगतो. तरी नाचताना मिताली शेवटच्या गिरक्यांना, त्या चक्करांना, माझ्या प्रकाशाबाहेर जाऊन थांबते. आता म्हणते, चक्करच घेणार नाही."

"हं..."

"चक्कर काढले तर माझ्या कामात उरलं काय? तुम्ही तिच्या गुरूंशी बोला. तिच्या जागी दुसरी मुलगी उभी करू."

संध्याकाळी कथकचा कार्यक्रम होता. इंद्रजित अण्णांच्या हाताखाली तयार झालेला, आणि पत्रिकेवर प्रकाशयोजनेसाठी आज पहिल्यांदाच त्याचं एकट्याचं नाव होतं. शेवटासाठी त्याने मोठ्या झोकात बेत आखला होता. सगळीकडे काळाकुट्ट अंधार, रंगमंचाच्या मधोमध पांढऱ्या प्रकाशाचं एक वर्तुळ, त्यात मिताली भिरभिर फिरणार आणि समेवर बरोबर मध्यात थांबणार. कागदावर सगळं झकास होतं.

मितालीही काही कच्च्या दमाची नव्हती. काल इथेच झालेल्या तालमीत फिरताना तिचा पाय जागचा हलला नव्हता. आज सकाळपासून मात्र ती भलतीकडेच थांबत होती. मघाशी तर अगदी रंगमंचाच्या कडेपाशी जाऊन लटपटली. पडली असती तर पायाचं काय झालं असतं, या विचाराने ती घाबरून गेली होती. इंद्रजितला तिचे नखरे तेवढे दिसत होते.

अण्णांनी डबा बंद केला.

"काय होतंय, ते तिला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? मी दिव्यांच्या केबिनमधून माइकवर सूचना देतोय. तिने ऐकायच्या."

"आणि तिला काही सांगायचं असलं तर?"

दिवेवाल्यांशी बोलायचा हेडफोन इंद्रजितच्या डोक्यावर होता. एक कान तेवढा त्याने अण्णांपुरता मोकळा केला होता.

अण्णांनी हात लांब करून तो हेडफोन काढला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"चपला काढ. वर जा. तिच्या वर्तुळात उभा राहा."

"मी?"

"माझे गुडघे गेलेत."

इंद्रजित हसत वर गेला. अण्णांनी केबिनमधल्या दिवेवाल्याला हात केला. नाट्यगृह अंधारात बुडालं आणि रंगमंचावर वर्तुळ उमटलं.

"आता चार गिरक्या घे आणि माझ्याकडे तोंड करून थांब."

त्यात काय मोठं, अशा थाटात इंद्रजितने गिरक्या घेतल्या आणि थांबला.

"झालं?"

...

"अण्णा?"

उत्तर नाही. डोळ्यांत नुसता प्रकाश घुसला होता आणि त्यापलीकडे काहीच नव्हतं. खुर्च्या नाहीत, भिंत नाही, अण्णा नाहीत. ते जिकडे असतील असं वाटलं तिकडे त्याने एक पाऊल टाकलं. मग आणखी एक. मग आणखी...

"दादा, थांबा!" विंगेतून मितालीचा आवाज आला. "पुढे कडा आहे."

इंद्रजित होता तिथेच खिळला.

"मागे या. हां, अजून थोडं. आता उजवीकडे... बास."

तो पुन्हा वर्तुळात आला. सकाळपासून त्या मुलीचा आवाज त्याने पहिल्यांदाच धड ऐकला होता.

"मिताली... तू काय बघून फिरतेस गं?"

"समोर, खुर्च्यांच्या मागच्या दारावर बारीकसा लाल दिवा आहे ना, तो. प्रत्येक फेरीला मान वळली की नजर आधी त्याच्यावर. काल होता. आज तुम्ही त्याला काळा कागद चिकटवलात."

"सांगितलं का नाहीस?"

"आले होते ना दोनदा. तुम्ही हातानेच 'नंतर' केलंत."

इंद्रजितला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो खाली उतरला, मागच्या दाराशी गेला, स्टुलावर चढला आणि कागद ओरबाडून काढला. डाळिंबाच्या दाण्याएवढा दिवा लुकलुकला.

मिताली वर आली. घुंगरांचा एक ठोका तिने देऊन पाहिला आणि फिरू लागली. फिरली, फिरली... आणि समेवर थांबली ती वर्तुळाच्या बरोबर मध्यात. धापा टाकत तिथेच हसली.

इंद्रजित अण्णांशेजारी येऊन बसला.

"चूक माझी," तो म्हणाला. "पण अण्णा, माझा अंधार तेवढा बिघडला."

"तो दिवा प्रेक्षकांच्या पाठीमागे आहे. दिसला कोणाला?"

"...मला. सकाळी रंगमंचावर उभा होतो तेव्हा."

अण्णांनी डबा उघडून त्याच्यापुढे धरला. इंद्रजितने शेंगदाणे घेतले, पण खाल्ले नाहीत.

"संध्याकाळी पुन्हा कोणी गोंधळलं तर? मी केबिनमधून सांगू तरी काय?"

अण्णांनी मांडीवरचा हेडफोन उचलला. इंद्रजितने घ्यायला हात पुढे केला. अण्णांनी तो आपल्याच डोक्यावर चढवला, एक कान मोकळा ठेवून.

"केबिनमध्ये मी बसतो," ते म्हणाले. "तू त्या दिव्याखाली उभा राहा. सांगायचं काही नाही, तो कोणी झाकणार नाही एवढं बघ."