आधी परिचय

रेवती खरवंडीकर बदली होऊन कचेरीत आली, त्याला वर्ष होत आलं. तरी दुपारी सगळे घोळक्यानं जेवायचे आणि ती खिडकीपाशी एकटीच डबा खायची.

एकदा मुंबईहून मोठे साहेब आले. त्यांच्यापुढे मिरवायला कचेरीप्रमुख पाटसकर साहेबांनी अचानक तिच्याकडे बोट केलं. "आमची कचेरी म्हणजे एक कुटुंबच! बाई, उठा, बोला त्यावर दोन शब्द."

रेवती उठली. सावकाश, खणखणीत म्हणाली, "बोलते साहेब. पण आपल्याकडे आधी वक्त्याचा परिचय करून देतात. कुटुंबप्रमुख म्हणून तेवढा तुम्हीच द्या."

साहेब ऐटीत उभे राहिले. "या आपल्या... या आपल्या..." त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली.

"झालं साहेब," रेवती बसता बसता म्हणाली. "मी बोलणार होते, ते तुम्हीच बोललात."