भरवशाची गाडी

"...पण ही इथं उभी कुणी केली, उस्ताद? तुमच्या गॅरेजात? तुमच्याच बोर्डाची वायर लावून?"

नागनाथ ढेकळे दारातच थबकला होता.

ज्या जागेवर एकेकाळी ट्रक नंबर लावून उभे राहायचे, तिथं एक हिरवी बॅटरीची रिक्षा उभी होती. भिंतीवरच्या बोर्डातून निघालेली वायर तिच्या पोटात शिरली होती. रिक्षा गपगुमान चार्ज होत होती.

कासम उस्ताद आतल्या खाटेवर बसून होते. पाठीला दोन उशा.

"शोभाबाईची हाय," ते म्हणाले. "तिच्या वस्तीत लाइट टिकत न्हाई. म्हणून इथं लावती."

"भाडं देती का?"

"मला दवाखान्यात नेती."

नागनाथच्या कपाळावरची शीर उडाली.

बार्शीत कासम मुलाणी हे नाव ठाऊक नाही असा ट्रकवाला नव्हता. सोलापूरहून, लातूरहून माणसं गाडी ओढत आणायची, पण हात कासम उस्तादांचाच लागला पाहिजे म्हणायची. नागनाथ एकोणिसाव्या वर्षी त्यांच्याकडं आला आणि चौदा वर्षं राहिला. डिझेलचं इंजिन तो इथं शिकला. पोटाची भाकरी तर त्याला इथं मिळालीच, वर उस्तादांच्या बायकोच्या, झुलेखाखालाच्या हातचं कालवणही मिळालं.

मग त्यानं बायपासला स्वतःचं गॅरेज टाकलं. बोर्डावर मोठ्या अक्षरात रंगवून घेतलं : कासम उस्तादांचे शिष्य.

त्यानंतर तो इथं एकदाच आला, उद्घाटनाचं आमंत्रण घेऊन. दुसऱ्यांदा यायला हवं होतं ते खाला गेली तेव्हा. त्या दिवशी एका ट्रकचं इंजिन उघडं पडलं होतं. गिऱ्हाईक डोक्यावर बसलं होतं. येणं झालं नाही.

आज तो आला होता, हातात छापील पत्रकांचा गठ्ठा घेऊन.

"रविवारी मेळावा हाय," तो म्हणाला. "मार्केट यार्डात मंडप घातलाय. तालुक्यातले सगळे गॅरेजवाले येणार. अध्यक्ष तुम्ही."

त्यानं एक पत्रक उस्तादांच्या मांडीवर ठेवलं. वर उस्तादांचा जुना फोटो होता. काळ्या मिशा, रुंद छाती.

उस्तादांनी फोटो बराच वेळ पाहिला.

"कोण हाय हा?"

"थट्टा नको, उस्ताद. ह्या बॅटरीच्या गाड्यांनी आमची चूल विझायची वेळ आलीय. माझ्याकडं नऊ माणसं होती, आता पाच उरली. तेल बदलायचं न्हाई, फिल्टर न्हाई, क्लच न्हाई... मेस्त्रीनं खायचं काय? तुमच्या शब्दाला वजन हाय. तुम्ही एवढंच सांगा, की भरवसा फक्त डिझेलचा."

"अन् हिचा न्हाई?" उस्तादांनी रिक्षाकडं मान वळवली.

नागनाथ याच प्रश्नाची वाट पाहत होता. तो खाटेसमोरच्या स्टुलावर बसला आणि तोंडपाठ असल्यासारखा बोलत सुटला. बॅटरी तीन-चार वर्षांत बसते. नवी घ्यायची तर निम्म्या रिक्षेचे पैसे. उन्हाळ्यात तापते, मध्येच बंद पडली तर कुणाला खोलता येत नाही. कंपनीचा माणूस पुण्याहून येणार, तोवर धंदा बंद. डिझेलचं इंजिन मात्र चार लाख किलोमीटर पळतं. बिघडलं तर रस्त्यावरचा कुणीही मेस्त्री पाना घेऊन बसतो.

"तुम्हीच शिकवलंय मला," तो म्हणाला. "डिझेल म्हणजे बैल. मरस्तवर ओढतो."

"व्हय. मीच शिकवलं."

"मग? खोटं हाय का ह्यातलं काही?"

"न्हाई. एक अक्षर खोटं न्हाई."

नागनाथला बरं वाटलं. उस्ताद आपलेच आहेत. इतक्या वर्षांनी आलो तरी आपलेच.

"मंगळवारी तुझ्या म्हणण्यासारखंच झालं," उस्ताद म्हणाले. "दम लागला म्हणून शोभाबाई मला घेऊन निघाली. पुलाच्या चढावर हिची बॅटरी बसली. भर उन्हात. पाऊण तास... मी आत, पाण्याबाहेर पडलेल्या माशासारखा..."

"बघा! मी काय म्हणत होतो?"

"मग एक डिझेलचा टेम्पो आला. भला माणूस. दोरी बांधून ओढत नेलं त्यानं."

"बघा!" नागनाथ मांडीवर थाप मारून म्हणाला.

"दोरी आखूड होती, नागू. त्याचं सायलेन्सर... माझ्या तोंडासमोर."

उस्तादांना हसू आलं. हसता हसता खोकला उठला. तो थांबेना. उस्तादांनी तोंडाला फडकं लावलं, खाटेची कड घट्ट धरली. मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठ झाल्या. नागनाथ उठून उभा राहिला, पण काय करावं ते त्याला कळेना. पाणी पुढं केलं. उस्तादांनी हातानंच नको म्हटलं.

बऱ्याच वेळानं खोकला निवला.

"मी काय तिला रिक्षा टाकून द्यायला सांगत न्हाई," नागनाथ अपराध्यासारखा म्हणाला. "तुम्ही फक्त मंडपात..."

"तो मोठा स्क्रूड्रायव्हर घे."

"आँ?"

"भिंतीवर हाय बघ. लाकडी मुठीचा."

नागनाथनं तो काढून आणला. मूठ हाताला ओळखीची लागली. याच स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवून, मुठीला कान लावून, उस्तादांनी त्याला आजार ओळखायला शिकवलं होतं. टॅपेटचा आवाज वेगळा, बेअरिंगचा वेगळा. डोळे मिटून ऐकायचं, आणि गिऱ्हाइकाला खोटं सांगायचं नाही.

उस्तादांनी सदऱ्याची बटणं काढली. आतली छाती पाहून नागनाथनं नजर खाली घातली. बरगड्या मोजून घ्याव्यात.

"लाव."

"उस्ताद..."

"लाव म्हणतो ना."

त्यानं टोकाला फडकं गुंडाळलं, ते हलक्या हातानं छातीला टेकवलं आणि मुठीला कान लावला.

उस्तादांनी श्वास ओढला.

नागनाथनं डोळे मिटले होते. सवयीनं मिटले होते. क्षणभर तो पुन्हा वीस वर्षांचा झाला. आत काहीतरी घासत होतं, शिट्टी वाजत होती, हवा नको तिथून निसटत होती. अशी इंजिनं त्यानं शेकड्यांनी ऐकली होती.

"बोल," उस्ताद म्हणाले. "गिऱ्हाईक थांबलंय."

नागनाथनं मुठीवरून कान काढला नाही.

"नागू. गिऱ्हाइकाला..."

"...पिस्टनच्या रिंगा गेल्यात."

"अजून?"

"कॉम्प्रेशन न्हाई... हवा धरतच न्हाई."

"आतून घासून, बोअर करून चालंल?"

"न्हाई."

"इंजिन बदलून मिळंल?"

नागनाथनं स्क्रूड्रायव्हर खाली घेतला.

"सोलापूरचा डॉक्टर पण हेच म्हणाला," उस्ताद बटणं लावत म्हणाले. "त्यानं मशीन लावलं, फोटो काढले. तू लाकडाच्या मुठीवर सांगितलंस. चांगला शिकलास."

"तुम्ही तर कधी बिडी ओढली न्हाई..."

"न्हाई. तुझ्या खालानंबी कधी ओढली न्हाई. ती तर ह्याच्या वरच्या खोलीत भाकऱ्या थापायची फक्त."

डिझेलच्या धुरानं काळ्या पडलेल्या वरच्या फळ्यांच्या तक्तपोशीकडं दोघांनीही पाहिलं नाही.

"लोक म्हणायचे, कासम, तुझ्या गाड्या धोका देत न्हाईत," उस्ताद म्हणाले. "खरं होतं ते. त्यांनी एक दिवस खाडा केला न्हाई. सणावाराला न्हाई, रोज्यात न्हाई. रोजचा घास रोज दिला मला... इतकं भरवशाचं कुणी भेटलं न्हाई."

रिक्षावरचा बारीक दिवा लाल होता तो हिरवा झाला. कुणी उठलं नाही.

नागनाथच्या डोळ्यासमोर त्याची पाच माणसं आली. त्यांची बायकापोरं आली. बँकेच्या हप्त्याचा कागद आला. त्याला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि यातलं खरं कोणतं ते त्याचं त्यालाच उमगत नव्हतं.

"मग मी काय करू, उस्ताद?" तो एकदम ओरडला. "ही बॅटरीची चांगली म्हणून शटर खाली ओढू? ती तर तुम्हाला पुलावर मारत होती!"

"व्हय. मारतच होती."

"मग तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

उस्तादांनी मांडीवरचं पत्रक उचलून त्याची घडी घातली आणि ते उशीखाली सरकवलं.

आपल्यालाच आपली लाज वाटत असताना नागनाथ हळू आवाजात म्हणाला :

"पत्रकं वाटून झालीत. नाव छापलंय... तुम्ही नुसतं येऊन बसलात तरी चालंल. बोलू नका. गाडी मी पाठवतो."

"येतो की."

नागनाथनं चमकून वर पाहिलं.

"येतो. बोलतोबी. भरवसा डिझेलचाच, असं माइकवर सांगतो. फक्त एक अट हाय."

"सांगा."

"सगळ्यांनी आपापल्या गाड्या मंडपात आणायच्या. कनाती चारी बाजूंनी सोडायच्या, फट राहू द्यायची न्हाई. अन् माझं भाषण संपेस्तवर सगळ्यांनी इंजिनं चालू ठेवायची."

नागनाथचा चेहरा उतरला.

"उस्ताद... दहा मिनिटांत कनाती फाडून बाहेर पळतील लोक."

कासम उस्तादांनी डोळे मिटले. एक श्वास घेतला. तो अर्ध्यावरच अडला.

"आपण कुठं पळालो, नागू?"