भिंतीवरची गाळाची रेघ

गोष्ट इतकी जुनी आहे, की त्या राज्याचं नाव आता तिथल्या डोंगरांनासुद्धा आठवत नसेल. तिथल्या राजाने एकदा दवंडी पिटवली. ओढ्याकाठचं रान जो साफ करील आणि सलग दोन वर्षं तिथे जेवढं पेरील, तेवढी जमीन त्याची.

दवंडी ऐकून एक जोडपं पाडव्याच्या दिवशी त्या रानात आलं. बरोबर एक शेळी, एक जातं आणि बियाण्याचं गाठोडं. ती त्याला कारभारी म्हणायची, तो तिला कारभारीण. कारभार मात्र अजून कशाचाच नव्हता.

दिवस काय, थांबतात थोडेच? वर्ष सरलं, पुन्हा पाडवा तोंडावर आला. कारभारीण शेणामातीचा गोळा घेऊन दोघांनी उभारलेल्या घराची भिंत लिंपायला बसली आणि तिला सगळं वर्ष आठवू लागलं. चूल आधी दाराशी होती. वारा सगळा धूर आत लोटायचा, म्हणून ती परसात नेली. तिथे शेळीने भाकरी पळवल्या, म्हणून कोपऱ्यात आणली. तिन्ही वेळा कारभारी म्हणाला होता, की त्याला हे पहिल्यापासून माहीत होतं. मग छपरावर भोपळ्याचा वेल चढला, आणि भोपळे इतके लागले की खाऊन खाऊन दोघं कंटाळली. किती गोड होतं ते कंटाळणंही.

भिंतीवर गुडघाभर उंचीला गाळाची एक रेघ होती. तिथे तिचा हात थांबला. मृगाच्या पावसात भर दुपारी ओढा घरात शिरला होता, त्याची ती खूण. जमिनीवर ठेवलेली बियाण्याची कणगी बुडाली, पेरायचं बी कुजलं. दोघं शेळीला घेऊन माळ्यावर रडत बसली होती, तोच शेळीने कारभाऱ्याचं पागोटं चघळायला घेतलं आणि दोघांना हसू फुटलं. तसं हसणं पुढच्या भरल्या दिवसांतही कधी आलं नाही. पुढे शेजारच्या म्हाताऱ्याने बी दिलं, म्हणून पेरणी झाली. त्याच्याच सांगण्यावरून त्यांनी रेघेहून उंच असा दगडांचा ओटा रचला आणि कणगी त्यावर ठेवली.

कारभारणीने ती रेघ तेवढी सोडून बाकीची भिंत लिंपली. कारभाऱ्याला ते पटलं नाही. त्याची थोरली बहीण पहिल्यांदाच घर बघायला येणार होती.

"आक्का काय म्हणंल? ह्यांच्या घरात वढा नांदतो?"

"नांदून गेलाय," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या ती रेघ. तिच्याकडं बघितलं की मला बरं वाटतं."

ती पाण्याला गेली तेव्हा त्याने रेघ लिंपून टाकली. मनात वाईट काही नव्हतं. आपल्या बायकोला कुणी हसू नये, एवढंच. पण रेघ गेल्यावर तो ओटाही त्याला उगीच अडगळ वाटू लागला. त्याने कणगी खाली उतरवली आणि ओट्याचे दगड काढून पाहुण्यांना बसायला दारात कट्टा केला. परत आल्यावर कारभारणीला ते खटकलं. पण सणाच्या तोंडावर वाद कशाला, म्हणून तिने नवा कट्टा सारवायला घेतला. आणि खरं सांगायचं, तर भिंत दिसत होती झकास.

आक्का आली, घर वाखाणून गेली. ओटा पुन्हा रचायचा असं दोघांनीही ठरवलं होतं, पण दिवसांमागून दिवस गेले आणि ते राहूनच गेलं. आठवण करून द्यायला रेघ कुठे होती?

मृग लागला. ओढा आपली वाट विसरला नव्हता. कणगी पुन्हा बुडाली.

दोघं खाली मान घालून म्हाताऱ्याकडे गेली. त्याचं घर चुन्याने पांढरं केलेलं होतं, पण कणगीमागची हातभर भिंत त्याने तशीच मातीची ठेवली होती. तिच्यावर गाळाच्या सात रेघा होत्या, आणि कणगीचा ओटा सगळ्यांत वरच्या रेघेहूनही उंच होता. गेल्या वर्षी बी न्यायला आली तेव्हा दोघांच्या ते नजरेतच आलं नव्हतं.

"आमची रेघ मीच पुसली," कारभारी म्हणाला.

म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बी मी पुन्यांदा देईन, लेकरा. खूण मातर उसनी देता येत न्हाई. ती ज्याची त्यानंच जपायची."

म्हाताऱ्याकडे त्या वर्षी बी थोडंच उरलं होतं. ते निम्म्या रानालाच पुरलं. निम्मी जमीन त्यांची झाली, निम्मी राजाकडे परत गेली. वर्षभर ज्या मातीतले दगड वेचले, तिथे दुसऱ्याच कुणाचा नांगर चालताना कारभारणीने दारातून पाहिला, आणि तिचे डोळे भरून आले.

पुढच्या पाडव्याला भिंत लिंपायला कारभारी स्वतः बसला. लिंपत लिंपत नव्या रेघेपाशी आला आणि थांबला. मग डोक्यावरचं पागोटं चाचपून म्हणाला, "कारभारणी, ती शेळी आठवती का गं?"

चांगले दिवस आले म्हणून वाईट दिवसांची खूण पुसू नये. पुढच्या पुराची उंची तीच सांगते.