पडण्याचा आकडा

सन दोन हजार एकोणीस, हिवाळा, भोगीचा दिवस. वय सत्तर. कोणी बघत नाही असं पाहून मी शेजारच्या सयाजीची सायकल उतारावर हात सोडून चालवली आणि मनगट मोडून घेतलं.

इस्पितळात विम्याचे कागद करणाऱ्या रेहानानं विचारलं, "आजोबा, कसे पडलात?"

"ट्रकनं उडवलं," मी दरडावून सांगितलं.

"मग पोलिसांना कळवते. ते ट्रक शोधतील."

"राहू दे. कुत्रं आडवं आलं, असं लिही."

"चावलं का? डॉक्टर आधी इंजेक्शनं देतील."

मी मिशी चाचपली. "पोरी, खरं लिहिलंस तर गल्लीत तोंड दाखवता येणार नाही."

"आणि खोटं लिहिलं तर विमा मिळणार नाही." ती हसली. "आजोबा, पडण्याच्या प्रत्येक प्रकाराला एक आकडा असतो. कागदावर तेवढाच छापतात. तुमच्या गल्लीत तो कोणाला वाचता येतो?"

मी सगळं खरं सांगितलं.

घरी सयाजी दारातच उभा. "कशानं पाडलं रे तुला?"

"कागदावर आहे. वाच."

त्यानं कागद उलटसुलट करून मान डोलावली. "बापरे! मोठा अपघात दिसतोय."

प्लास्टर निघाल्यावर मी हँडल सरळ केलं आणि त्याची सायकल परत दिली.